भिंतीतला कडप्पा आणि एकच उघडा डबा : एअर रायफलसाठी घरातलं टेबल

काडतुसं घरी भरण्यासाठी टेबल कसं लावायचं, असं आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरातले काही पालक मला विचारतात. परदेशातले व्हिडिओ पाहून त्यांना वाटतं, नेमबाजाच्या घरात असं टेबल असतंच. त्यांना मी आधी कायदा सांगते. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. रिकाम्या काडतुसात पुन्हा दारू भरणं हा घरी करून बघायचा विषयच नाही, आणि त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

एअर रायफलची गोष्ट वेगळी. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि छर्‍याचा जोर २० ज्यूलच्या आत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या स्पर्धेची रायफल तर साडेसात-आठ ज्यूलमध्येच काम करते. तिच्या छर्‍यात दारू नसते. पण छर्रे निवडणं, तोलणं, नळी पुसणं, हवेचा सिलिंडर भरणं, वही लिहिणं ही कामं असतातच, आणि ती जेवणाच्या टेबलावर करण्यासारखी नाहीत. त्यांना घरात एक पक्की, वेगळी जागा लागते.

माझ्या भावाची मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. मी इंदूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले. तराजू आणि शिसं या दोन्हींशी माझी जुनी ओळख, म्हणून रायफल भावाच्या घरी आली आणि टेबल माझ्याकडे आलं. नेमबाजी मी शिकवत नाही, ते तिचे कोच बघतात. टेबलावर जे होतं तेवढ्याचंच मी सांगू शकते.

टेबल कशासाठी

दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. प्रत्येक कडं त्याच्या आतल्या कड्यापेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर. आता गुण दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. म्हणजे एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. हा आकडा मी टेबलासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावला आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रुद्रांक्ष पाटील, दिव्यांश सिंग पनवार आणि ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर यांनी मिळून १८९३.७ गुण केले आणि सांघिक सुवर्ण जिंकलं. तो त्या वेळी जागतिक विक्रम ठरला. एक ठाण्याचा, एक जयपूरचा आणि एक आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला. तिघांच्या मिळून १८० गोळ्या, म्हणजे सरासरी साडेदहाच्या थोडी वर. या पातळीवर छर्‍यामुळे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर दोन दशांश गेले, आणि मुलीला वाटत राहतं की ट्रिगर आपणच चुकीचा ओढला. ती मग नसलेली चूक दुरुस्त करायला जाते. मला याची फार काळजी वाटते. टेबलाचं काम एवढंच, की छर्रा, हवा आणि नळी या तिघांतला फरक शक्य तितका काढून टाकायचा. मग जो फरक उरेल तो तिचा, आणि त्याच्यावर कोचबरोबर काम करता येतं.

खोली

स्वयंपाकघर नको, झोपायची खोली नको, आणि लहान मूल जिथे रांगतं ती जागा तर अजिबात नको. आमच्याकडे मागच्या बाजूची एक छोटी खोली होती, साठवणीचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या ठेवायची. ती रिकामी केली. बरण्या तिथून पूर्ण हलवल्या, आणि त्यामागे रसायनशास्त्र आहे. शिशाला आंबट वाफांचं वावडं असतं. व्हिनेगर, ताजं व्हार्निश, नवीन प्लायवूडचा गोंद, बंद लाकडी खण यांतून असेटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या सूक्ष्म वाफा निघतात. त्या बंद जागेत साचल्या की शिशावर पांढरी भुकटी चढते. ती भुकटी म्हणजे शिशाचं कार्बोनेट, विषारी. शिवाय असा पांढरा पडलेला छर्रा नळीत सारखा बसत नाही. म्हणून छर्रे नव्या प्लायच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नयेत. पत्र्याच्या त्यांच्या मूळ डब्यात, आणि तो डबा लोखंडी कपाटात.

खोलीला दार हवं आणि दाराला कुलूप. जमीन फरशीची, गालिचा नाही. गालिच्यात अडकलेलं शिसं निघत नाही. भिंत शक्यतो उत्तरेची किंवा पूर्वेची निवडा. इंदूरच्या एप्रिल-मे महिन्यात पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत गरम असते आणि त्या भिंतीवर टेकवलेल्या तराजूचा आकडा सरकत राहतो.

कडप्पा

या भागावर मी सर्वात जास्त वेळ घालवायला सांगते. तराजूसाठी वेगळा दगड बसवा. टेबल कितीही जड असलं तरी त्यावर कोणी कोपर टेकवलं, स्क्रू आवळला, की तराजू हलतो. प्रयोगशाळेत तराजू भिंतीत गाडलेल्या दगडावर असतो तो यासाठी.

नऊ इंची विटांच्या भिंतीत दोन मजबूत लोखंडी अँगल गाडून घ्या, वर साधारण दीड फूट बाय सव्वा फुटाचा, एक इंच जाडीचा कडप्पा. दगड आणि अँगल यांच्यामध्ये चार कोपर्‍यांत रबराचे तुकडे. कडप्पा नसेल तर कोटा चालतो. इंदूरला कोटा सहज मिळतो, ओट्याचे तुकडे दगडवाल्याकडे पडलेले असतात. दगडाचा टेबलाला कुठेही स्पर्श होता कामा नये. मधून एक बोट जाईल एवढी फट ठेवा आणि ती फट कोणी कागद-पुस्तकं खोचून बुजवत नाही ना, ते बघत राहा. गवंडी म्हणतो, "ताई, टेबलालाच टेकवून देतो, आधार राहील." टेकवू देऊ नका.

तराजू ०.००१ ग्रॅम दाखवणारा हवा. तो महागड्या प्रयोगशाळेचा असायची गरज नाही. सराफ्यात रात्री खायला जाणारे आपण सगळे. दिवसा तिथे सोनारांची दुकानं असतात, आणि सोनारांना लागणारे छोटे तराजू त्याच भागात मिळतात. २० किंवा ५० ग्रॅम क्षमतेचा घ्या, बरोबर तपासणीचं वजन घ्या. ते वजन बोटांनी कधी उचलू नका, चिमट्यानेच, कारण बोटाचं तेल लागून वजन बदलत जातं.

तराजू चालू करून वीस-पंचवीस मिनिटं तसाच राहू द्या, मग शून्य करा, मग तपासणीचं वजन ठेवा. पंखा बंद. कूलर बंद. इंदूरच्या उन्हाळ्यात हे कठीण वाटतं, म्हणून तोलण्याचं काम सकाळी सहा-सातच्या सुमारास ठेवावं. चारी बाजूंनी बंद होणारी काचेची पेटी तराजूवर ठेवली तर वार्‍याचा त्रास आणखी कमी होतो. प्रत्येक पन्नास छर्‍यांनंतर पुन्हा तपासणीचं वजन ठेवून बघा.

टेबल आणि उजेड

टेबलासाठी जुनं सागवानी दार मिळालं तर उत्तम. जुनी घरं पाडतात तेव्हा अशी दारं विकायला येतात. फळी दीड इंचाची, पाय जाड, मागून भिंतीला दोन ठिकाणी बोल्ट. जुन्या सागवानातून नव्या प्लायइतक्या वाफा येत नाहीत, तरी वर पांढरा किंवा फिकट राखाडी सनमायका लावा. त्यावर शिशाची करडी धूळ लगेच दिसते आणि ओल्या फडक्याने निघते. उभं राहून काम करणार असाल तर उंची कोपराच्या थोडी खाली, बसून करणार असाल तर नेहमीच्या लिहायच्या टेबलाएवढी. मी बसून करते.

टेबलाच्या चारी कडांना अर्धा इंच उंचीची लाकडी पट्टी ठोका. छर्रा गोल फिरत कडेला जातो आणि पडला की फरशीवर कुठेतरी लपतो. घरात लहान मूल येत-जात असेल तर ती पट्टी सोडून चालणारच नाही.

उजेडासाठी दोन दिवे, डावीकडून आणि उजवीकडून, म्हणजे हाताची सावली पडत नाही. त्याशिवाय एक छोटी टॉर्च, जी टेबलाला जवळजवळ आडवी धरायची. छर्‍याच्या पाकळीवर, म्हणजे मागच्या पातळ कडेवर, पडलेला पोचा वरच्या उजेडात दिसत नाही, आडव्या उजेडात चटकन दिसतो. एक दहापट भिंग.

व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरायचा शिकंजा, चार इंची पुरतो, पण त्याच्या जबड्यांना जाड चामडं किंवा लाकडाच्या फळ्या लावल्याशिवाय रायफलचा कुठलाही भाग त्यात धरू नका. अ‍ॅलन कीचा चांगला संच, टॉर्क (आवळण्याचा जोर) दाखवणारा स्क्रूड्रायव्हर, नायलॉनची पिन, मऊ ब्रश, लिंट न सोडणारं सुती फडकं. रायफलच्या दांड्याचे बोल्ट किती आवळायचे ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तो आकडा कागदावर लिहून टेबलाशी चिकटवा आणि अंदाजाने आवळणं बंद करा.

एका वेळी एकच डबा

काडतुसं भरणार्‍या लोकांचा एक जुना नियम आहे : टेबलावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा. दोन उघडे असले की कधीतरी चुकीचा हात चुकीच्या डब्यात जातो. आपल्याकडे दारू नाही, पण नियम मी जसाच्या तसा उचलला आहे. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असतो.

डब्यावर तीन गोष्टी छापलेल्या असतात. छर्‍याचं वजन, डोक्याचा व्यास, आणि बॅचचा क्रमांक. रायफलच्या छर्‍याचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम, पिस्तुलाचा थोडा हलका. डोकं ४.४९, ४.५० किंवा ४.५१ अशा मापात येतं. एका डब्यात बहुधा ५०० छर्रे, म्हणजे नुसतं शिसंच पाव किलोहून जास्त. दोन डबे शेजारी उघडे ठेवून गप्पा मारत निवडायला बसलात तर ४.४९ चा एक छर्रा ४.५० मध्ये जाणं अगदी सोपं, आणि डोळ्यांना तो नंतर कधीच सापडणार नाही. स्पर्धेत साठ गोळ्यांमध्ये तो एकदा निघेल आणि मुलगी दिवसभर स्वतःला दोष देत बसेल.

डबा उघडण्यापूर्वी वहीत बॅच क्रमांक लिहायचा. डबा बंद झाल्यावरच दुसरा डबा कपाटातून बाहेर येतो.

निवडायची पद्धत अशी. पांढर्‍या, कडा असलेल्या ट्रेमध्ये थोडे छर्रे हळूच ओता; उंचावरून ओतलेत तर त्यांच्या मऊ पाकळ्या एकमेकींवर आपटून दबतात. आडव्या उजेडात एकेक बघा. पाकळी दबलेली, कडेला शिशाचा तंतू लोंबणारा, डोक्यावर खरचटलेला, तो बाजूला. मग काचेची एक तावदान घ्या, एका बाजूखाली पातळ पुठ्ठा ठेवून किंचित उतार करा आणि छर्रा आडवा सोडा. पुढचं डोकं आणि मागची पाकळी यांच्या व्यासात फरक असल्याने तो सरळ न जाता वळत उतरतो. सारखे छर्रे सारख्या वळणाने उतरतात. एखादा वेगळ्या ठिकाणी पोचला तर त्याच्या मापात काहीतरी वेगळं आहे. मायक्रोमीटरने छर्‍याचं डोकं मोजायच्या फंदात पडू नका, शिसं इतकं मऊ की मोजताना तुम्हीच ते दाबता.

वजन सगळ्यात शेवटी. मी तीन छोटे कप्पे करते : मधलं वजन, त्याहून हलके, त्याहून जड. स्पर्धेसाठी फक्त मधले. बाकीचे सरावाला. भाचीला सुरुवातीला वाटायचं वजन केलं की सगळं आलं. "आत्या, सगळे तोलून ठेव ना," म्हणायची. तोलून ठेवते, पण माझं मत स्पष्ट आहे : दहा मीटरवर वजनापेक्षा बॅच जास्त महत्त्वाची. योग्य बॅचचे न तोललेले छर्रे चुकीच्या बॅचच्या तोललेल्या छर्‍यांपेक्षा चांगले पडतात. प्रत्येक नळीला कुठली बॅच आवडते हे फक्त गोळ्या मारूनच कळतं.

बॅच कशी निवडायची

हे घरी करू नका, रेंजवर करा, कोचच्या समोर. रायफल बॅरलला न पकडता तिच्या मुख्य सांगाड्याला धरून व्हाइसमध्ये घट्ट बसवायची आणि जाड, नीट कापलेल्या कागदी टार्गेटवर एका बॅचच्या दहा गोळ्या मारायच्या. स्प्रिंग-पिस्टनची रायफल असेल तर तिला व्हाइसमध्ये आवळू नये. ती उडताना मागे-पुढे हलते आणि जखडली की तिचं वागणं बदलतं. सगळ्या भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरने मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. उरलेला आकडा म्हणजे दोन टोकांच्या गोळ्यांच्या मध्यांमधलं अंतर, यालाच ग्रुप म्हणतात. प्रत्येक बॅच पुन्हा-पुन्हा मारून बघा. एका ग्रुपवर विश्वास ठेवू नका. जी बॅच दर वेळी सारखा लहान ग्रुप देते तिचे जमतील तेवढे डबे एकदम घेऊन ठेवा, कारण तो क्रमांक संपला की परत मिळत नाही. छर्रे मोठ्या दुकानातून परदेशाहून येतात, पुढची खेप वेगळ्या बॅचची असते.

वहीत हे रकाने मी ठेवते : तारीख, बॅच, खोलीचं तापमान, सिलिंडरचा दाब, ग्रुप, शेरा. शेर्‍यात फक्त बघितलेलं लिहायचं. "बहुतेक हवा कमी असावी" असं लिहायचं नाही, "दाब ९०" असं लिहायचं.

हवा

स्पर्धेच्या बहुतेक रायफलींचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या सुमारे शंभर पट दाब हा, म्हणून इथे घाई नको.

फक्त कोरडी, स्वच्छ, श्वास घेण्याजोगी हवा. ऑक्सिजन कधीही नाही. वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनचे सिलिंडर उभे असतात आणि एखादा म्हणतो, "हवाच तर आहे, भरून देतो." उच्च दाबाचा ऑक्सिजन तेलाच्या किंवा ग्रीजच्या लवलेशाला भेटला की पेट घेतो आणि सिलिंडर फुटू शकतो. याच कारणाने भरायच्या जोडणीला साधं यंत्राचं तेल लावू नका. रबराच्या रिंगांना कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीज, तेही अगदी थोडं.

मोठ्या डायव्हिंग सिलिंडरमधून भरत असाल तर झडप हळू उघडा. वेगाने भरली की हवा तापते, काटा २०० दाखवतो, आणि थंड झाल्यावर खाली उतरतो. हातपंपाने भरत असाल तर मध्ये थांबून पंप गार होऊ द्या आणि त्याच्या पाण्याच्या झडपेतून ओल बाहेर काढा. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, ही ओल जास्त निघते. ती सिलिंडरमध्ये गेली तर आतून गंजते आणि ते बाहेरून कळत नाही.

इंदूरच्या उन्हाचा हिशेब करा. २५ अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर ४५ अंशाला सुमारे २१३ बार होतो, कोणी हात न लावता. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान याहूनही वर जातं. म्हणून मे महिन्यात मी १८० पर्यंतच भरते आणि सिलिंडर गाडीत सोडून कोणी कुठे जात नाही. दाब १०० च्या खाली आला की पुन्हा भरायचा. फार खाली गेला की गोळीचा वेग बदलतो आणि टार्गेटवर गोळ्या खाली उतरतात.

सिलिंडरवर बनवल्याची किंवा वापराच्या शेवटची तारीख असते. रायफलच्या सिलिंडरला कंपन्या साधारण दहा वर्षं देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरात तर ठेवूच नये. तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मोठ्या सिलिंडरची दाबाची तपासणी ठरलेल्या मुदतीत अधिकृत ठिकाणी करून घ्या, त्यावर तारखेचा शिक्का असतो.

नळी आणि बंदोबस्त

नळी पुसायला फेल्टचे छोटे तुकडे मिळतात. दोरीने ओढायचे असतील तर मागून पुढे, म्हणजे छर्रा ज्या दिशेने जातो त्याच दिशेने. स्टीलचा ब्रश नको. किती वेळाने पुसायचं ते नळीवर आणि छर्‍यावर अवलंबून, पण पुसल्यानंतरच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, म्हणून स्पर्धेच्या सकाळी पुसू नका.

टेबलावर आलेली प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असं समजून हाताळायची. आधी बोल्ट, म्हणजे छर्रा भरायच्या जागेचं झाकण, उघडायचा, आत बघायचं, मग नळीतून नारिंगी दोरी आरपार घालायची, दोन्ही टोकांना दिसेल अशी. गवत कापायच्या यंत्राला लागणारी जाड नायलॉन दोरी यासाठी छान. सियागंजमध्ये हार्डवेअरवाल्याकडे मीटरवर मिळते. दोरी दिसत नसेल तर त्या रायफलला माझ्या खोलीत कोणी हात लावत नाही, भाचीसुद्धा नाही. परवाना लागत नाही म्हणजे ती खेळणं नाही. डोळ्यात गेलेला छर्रा डोळा घेतो.

रायफल लोखंडी कपाटात, छर्रे वेगळ्या कप्प्यात, दोन किल्ल्या वेगळ्या. कपाटात ओल मोजायचा छोटा काटा आणि सिलिका जेलची पुरचुंडी. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या, निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो. रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण ११० अंशावर वाळवून परत वापरता येतं, पण जेवणाच्या ओव्हनमध्ये नको. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिली की गंज आणि लाकडाचं फुगणं दोन्ही आटोक्यात.

भिंतीवरचा सराव

घरात दहा मीटर मोकळे नसतील तरी टेबलाच्या खोलीतून बाहेरच्या पडवीपर्यंत पाच मीटर निघतात. तिथे गोळी न मारता नुसता ट्रिगरचा सराव होतो. खर्‍या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा आहे, पाच मीटरला तो १५.२५ चा छापा. उंचीही तशीच कमी-जास्त करा. खर्‍या टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतो. रायफलची उंची आणि १.४० यांच्या बरोबर मध्यावर कागद लावा, म्हणजे शरीराचा कोन तोच राहतो. मग नेम धरायच्या पुढच्या साइटच्या रिंगमधून बघून काळ्याभोवती पांढरी फट रेंजसारखीच दिसते का, ते मुलीलाच ठरवू द्या. स्पर्धेच्या रायफलीत कोरड्या सरावाची सोय असते, ती वापरा. स्प्रिंगची रायफल रिकामी कधीच उडवू नका, पिस्टन आपटून आतले भाग खराब होतात.

शिसं

हे शेवटी लिहिते, पण खोली लावताना पहिल्या दिवसापासून पाळायचं. शिसं त्वचेतून फारसं जात नाही, हातातून तोंडात जातं. शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूवर आणि पोटातल्या बाळावर त्याचा परिणाम सर्वात वाईट. आमच्या भाचीसारखी पंधरा-सोळा वर्षांची मुलं रोज छर्रे हाताळतात, म्हणून मी याबाबत कुणाचं ऐकत नाही.

त्या खोलीत खाणं नाही, पाणी नाही, चहा नाही. छर्रा ओठात धरायची सवय काही मुलांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडा. खोलीसाठी वेगळी चप्पल आणि वेगळा अ‍ॅप्रन. अ‍ॅप्रन बाकीच्या कपड्यांबरोबर धुवायचा नाही. काम संपलं की साबण आणि गार पाण्याने हात कोपरापर्यंत, नखांखाली ब्रश. केरसुणी त्या खोलीत येत नाही. झाडलं की शिशाची धूळ हवेत उडते. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने टेबल आणि फरशी पुसायची, फडकं वेगळ्या पिशवीत. गोळ्या झेलणारी पेटी रिकामी करताना मास्क लावा, खिडकी उघडा, आणि मुलांना बाहेर पाठवा. वर्षातून एकदा नेमबाज मुलाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर ते कुठून येतंय हे शोधायला जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा डॉक्टरांना दाखवा आणि टेबलापासून सुरुवात करून सगळी साखळी तपासा.

वापरलेले, दबलेले छर्रे घरी वितळवू नका. शिसं ३२७ अंशाला वितळतं, गॅसवर सहज होतं, आणि म्हणूनच लोक करतात. त्याची वाफ आणि वर जमणारी भुकटी दोन्ही घरभर पसरतात. ते एका झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात साठवा, वर "शिसं" असं लिहा. रेंजवाले गोळा करत असतील तर त्यांना द्या. नाहीतर आपल्या इंदूरच्या कचरागाडीत घरातल्या घातक कचर्‍याचा वेगळा भाग असतो. ओल्या-सुक्या कचर्‍यात न मिसळता डबा तिथेच द्या, आणि देताना गाडीवरच्या माणसाला तोंडाने सांगा की आत शिसं आहे, डबा उघडू नका, हात लावलात तर धुवा.